कोयते गेल्यावर गावात कोण उरतं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्र गाठायचा, नाहीतर कर्नाटक. गावात मागे राहतात म्हातारी माणसं, काही लेकरं आणि ज्यांना फडावर नेऊन उपयोग नाही असे आजारी. या भागात विखुरलेली ख्रिस्ती घरं आहेत, तालुक्याच्या गावी भरणाऱ्या छोट्या मंडळ्या आहेत. त्यांच्यात एक वाद हटकून निघतो: गरिबाची सेवा म्हणजे त्याच्यापाशी जाऊन बसणं, की त्याच्या हक्कासाठी भांडणं?

खालची दोन माणसं मी जुळवलेली आहेत. मावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. रविवारची उपासना झाली की ती जवळच्या वस्त्यांवर, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे जाते. भाचा वकिली शिकलेला आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनेत रमलेला. चर्चमध्ये तो नाताळला दिसतो, तोही आईच्या धाकानं.

भाचा : आज कुणाकडे होतीस?

मावशी : एका आजीकडे. लेक-सून कारखान्यावर गेलेत. बसले दोन तास.

भाचा : दोन तास काय केलंस?

मावशी : ती शेंगा फोडत होती, मीही फोडल्या. मधेच तिनं नातवाचं सांगितलं, मधेच गप्प बसली. मीही गप्प बसले.

भाचा : तिचा पगार सुरू झाला का? श्रावणबाळ योजनेचा?

मावशी : ते नाही विचारलं.

भाचा : घ्या! महिन्याला दीड हजार रुपये मिळतात मावशी. वय पासष्टच्या वर आणि उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला, एवढंच लागतं. सुरू झालेला पगारही हयातीचा दाखला दिला नाही म्हणून बंद पडतो. तू दोन तास तिच्याजवळ बसलीस आणि ती जिवंत आहे एवढं तहसीलला कळवायचं राहून गेलं!

मावशी : बोललास छान. पण तू कधी गेलास तिच्याकडे?

भाचा : माझ्याकडे अशा दोनशे जणांची यादी आहे.

मावशी : मग त्या यादीत ती आहे का ते सांग.

(यादीत ती नव्हती. पण भाच्याचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, आणि मावशीचाही खरा ठरत नाही.)

भाचा : बरं, तुझ्याच पुस्तकातून बोलू. मत्तयाचा पंचविसावा अध्याय. दर नाताळला पाळकसाहेब त्याच्यावरच येतात. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, कैदी. मोज. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र. सहापैकी चार ठिकाणी काहीतरी हातात द्यायचंय. शेंगा फोडत बसा असं कुठंच नाही.

मावशी : आणि उरलेले दोन?

भाचा : आजारी आणि कैदी.

मावशी : आजाऱ्याला बरं केलं असं तिथं म्हटलंय का? कैद्याला सोडवलं असं म्हटलंय? फक्त भेटायला गेलात, एवढंच. चाळीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मला ते दोन शब्द कळतात. ‘घरी न्या, सेवा करा’ असं डॉक्टर ज्याला सांगतात ना, त्याच्यासाठी तुझी संघटना काय करते? कुठला मोर्चा काढते?

भाचा : त्याला वेदना कमी करणारं औषध मिळावं म्हणून काढावा लागतो! मॉर्फिन गावात मिळत नाही. शहरातसुद्धा मिळायला इतकी अडचण होती की संसदेला २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलावा लागला. मदर तेरेसांच्या कोलकात्याच्या घराबद्दल हाच तर आक्षेप होता. १९९४ मध्ये लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकानं ते घर पाहून लिहिलं होतं की, तिथं प्रेम आहे, पण दुखण्यावर जोरदार औषध नाही. मरणाऱ्याचा हात धरायचा आणि त्याला तळमळू द्यायचं, याला मी सेवा म्हणणार नाही.

मावशी : मीही म्हणणार नाही. गोळी हवीच. पण गोळी दिल्यावर तू निघून जाशील की थांबशील? रात्री दोनला त्या माणसाला दुखत नसतं, त्याला भीती वाटत असते. त्यावर गोळी नाही.

इथं मध्ये पडून एक गोष्ट सांगतो. १९७९ साली मदर तेरेसांना शांततेचं नोबेल मिळालं. त्याच साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना. नगरहून बीडला यायचा जुना रस्ता आष्टीवरून जामखेडला जातो आणि पुन्हा बीड जिल्ह्यात शिरतो. जामखेड हिशेबानं नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, पण दुष्काळ, ऊसतोड, जातीपाती सगळं बीडसारखंच. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, दोघंही श्रद्धावान. १९६० मध्ये लग्न करतानाच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. १९७० साली ते जामखेडला आले. मराठी ख्रिस्ती माणसाच्या सेवेची चर्चा मदर तेरेसांवर सुरू होते आणि तिथंच संपते, जामखेडपर्यंत येतच नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. मावशी-भाच्यानं मात्र जामखेडचा विषय काढला. दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटत होतं.

भाचा : आरोळे डॉक्टर कुणाजवळ बसून राहिले नाहीत. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी बोअर घेतले, आणि तेसुद्धा दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर सवर्णांना तिथं यावं लागेल, हा हिशेब होता. शेतकऱ्यांची मंडळं काढली, महिला मंडळं काढली. बालमृत्यू कमी झाले ते पाणी, खाणं आणि लसी यांनी. याला मी ख्रिस्ती सेवा म्हणतो. ख्रिस्ताचं नाव न घेता केलेली.

मावशी : खरंय. पण सुरुवातीचं विसरतोस. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. गावाला त्या परक्या, त्यांना गाव परकं. मग गावातलीच बाई घ्यायची ठरलं. ती निरक्षर असली तरी चालेल, दलित असली तरी चालेल. उलट अशाच बाया जास्त निघाल्या. शिकवून तिलाच आरोग्य कार्यकर्ती केलं. तिचं बळ कशात होतं? बाळंतीण कुठल्या घरात आहे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचा नवरा मारतो, हे तिला विचारावं लागत नव्हतं. कारण ती तिथंच होती. तुझी यादी तिच्या डोक्यात होती.

भाचा : म्हणजे तुझ्यासारखी रविवारची पाहुणी नव्हती.

(हा टोला बसला. मावशीनं पदर सावरला आणि चहा गाळायला उठली. परत आल्यावर तिनं विषय बदलला नाही, हे मला आवडलं.)

मावशी : नव्हती. मी पाहुणी आहे, खरं आहे. चप्पल दाराबाहेर काढते तेव्हाच सगळ्या वस्तीला कळतं, नर्सबाई आल्या.

भाचा : आणि मग तुला चहा होतो. दूध शेजारून उसनं आणून. हा खर्च कोण मोजतो? भेटायला येणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी दिलं. खरं तर घेऊनच जातो. त्या म्हातारीचा वेळ, साखर आणि ‘बरी आहे’ म्हणण्याची मेहनत.

मावशी : चहा नको म्हटलं की तिचा चेहरा बघ एकदा. आयुष्यभर सगळे तिच्या दारात आपल्या कामालाच आले. अंगठा लावून घ्यायला, मत मागायला, फोटो काढून पिशवी द्यायला. तिच्या हातचं घ्यायला कुणी आलंच नाही. तो कपभर चहा तिला तिच्या घरात मालकीण करतो. मी तो नाकारणार नाही. तुला हिशेबच हवा असेल तर दिवाळीला चहा-साखरेचा पुडा मी नेते. पण दर वेळच्या चहाचे पैसे मी तिला कधीच देणार नाही.

भाचा : बरं, चहा सोडला. पिशवीचं काय?

मावशी : कुठली पिशवी?

भाचा : तुला माहीत आहे कुठली.

बीडमध्ये ‘पिशवी काढली’ म्हटल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्यातल्या कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. कारणं फडावर ज्याला-त्याला माहीत होती. पहाटे तीन-चारला उठून तोडणी. एक दिवस गेला तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आडोसा नाही, पाणी नाही, संडास नाही. पाळी म्हणजे या सगळ्यावर आणखी एक संकट. त्यात पांढरं जाण्याचं दुखणं घेऊन बाई गेली की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून देणारे खासगी दवाखाने होतेच.

भाचा : या बाया तुझ्या वॉर्डात येत होत्या ना? तू त्यांच्या कॉटपाशी बसत होतीस ना? त्या तुझ्याशी बोलत होत्या. म्हणजे ऐकणारं माणूस तिथं होतं. वर्षानुवर्षं होतं. मग विधान परिषदेत प्रश्न विचारला जायला २०१९ का उजाडावं लागलं?

मावशी : (बऱ्याच वेळानं) त्या सांगायच्या. ‘सिस्टर, बरं झालं, आता कटकट गेली, खाडा नाही पडायचा.’ सव्वीस वर्षांची पोरगी असं म्हणायची. मी तिच्या केसांवरून हात फिरवायचे. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. पण मी ते कुठं लिहिलं नाही. आज किती आल्या, उद्या किती, कुठल्या गावच्या, कुणी पाठवल्या, हे मांडून ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

भाचा : हात फिरवणं सोपं असतं गं.

मावशी : सोपं नसतं. पण तेवढ्यानं भागत नाही, हे मान्य.

मला वाटतं हा वाद इथं संपू शकला असता, आणि भाचा जिंकला असं लिहून मी मोकळा झालो असतो. त्याच्या बाजूनं आणखीही सांगण्यासारखं आहे. उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला कारखान्यावर अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही संघटनांनी कोयता बंद ठेवण्याचा रेटा लावला म्हणून. कुणाच्या पाठीवर मायेचा हात फिरवून ती वाढ मिळाली नाही. पण मावशी हरलेली नव्हती.

मावशी : आता माझं ऐक. चार हजार सहाशेचा आकडा कुठून आला? आधी कुणीतरी एका बाईपाशी बसलं असेल. पत्रकार असेल, संघटनेतली बाई असेल. पिशवी काढल्याचं पहिल्याच भेटीत वकिलाला सांगणारी बाई मला दाखव. ती आधी पोराचं सांगते, मग सासूचं, मग पायाच्या दुखण्याचं. तुझी यादी सुरू होण्याआधीचे दोन तास कुणाचे तरी असतात. ते तू मोजत नाहीस, कारण ते तुझ्या अहवालात येत नाहीत.

भाचा : म्हणजे बसणं हे साधन. माहिती काढायचं.

मावशी : नाही! तसं केलंस तर ती बाई ओळखते. माणूस काहीतरी काढून न्यायला बसलाय, हे गरिबाला सगळ्यांत आधी कळतं. आपण ख्रिस्ती म्हणून गेलो की पहिला प्रश्न तोच असतो. काय पाहिजे तुम्हाला? आमच्या पोरांचा बाप्तिस्मा करायचाय?

हा संशय महाराष्ट्रात फार जुना आहे, आणि त्याला कारणंही आहेत. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या आरोपावरून १८९३ मध्ये त्यांच्या सल्लागार मंडळानं, रानडे-भांडारकरांसारख्यांनी, राजीनामे दिले. चारच वर्षांत रमाबाई दुष्काळातल्या मुली गोळा करत मध्य प्रांतात फिरल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. मुलींना जेवण मिळालं, शाळा मिळाली, धंदा मिळाला आणि धर्मही मिळाला. यातलं कुठलं आधी नि कुठलं नंतर, यावर भांडण अजून संपलेलं नाही. २०२० च्या जानेवारीत शेजारच्या धाराशिवला (तेव्हाच्या उस्मानाबादला) साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हाही काहींचा आक्षेप त्यांच्या पुस्तकांवर नव्हता, त्यांच्या झग्यावर होता. दुष्काळात हातात भाकरी घेऊन येणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, हे लोक बघणारच. माझ्या मते त्यात त्यांची चूक नाही.

भाचा : म्हणून तर मी म्हणतो, धर्म बाजूला ठेव. कायद्याच्या भाषेत बोल. कायद्याला बाप्तिस्मा नसतो.

मावशी : पण कायदा आजीकडे रविवारी जात नाही. मी जाते ते मला कुणी पाठवतं म्हणून. तो कोण, ते मी आजीला सांगत नाही. विचारलं तर सांगते. तिनं अजून विचारलेलं नाही. नाही विचारलं तरी पुढच्या रविवारी मी जाईनच. माझ्या जाण्याला अट नाही, हे कळायला तिला दोन हंगाम लागले.

भाचा : बायबलातल्या ईयोबाच्या मित्रांसारखं. सात दिवस सात रात्री नुसते बसून राहिले.

मावशी : आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं! बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तुझ्या पापामुळे झालं, तू असा, तू तसा. गरिबाकडे जाणारे सगळे तेच करतात. चर्चवाले देवाची इच्छा सांगतात, तुम्ही व्यवस्था सांगता. म्हातारीला बोलूच देत नाही कुणी.

भाचा : बरं. पण येशूच्या गोष्टीतल्या शोमरोन्याचं काय? तो तर नुसता बसला नाही.

मावशी : तोच तर माझा मुद्दा आहे रे. वाटेत पडलेल्या माणसाची जखम बांधली, तेल लावलं, आपल्या जनावरावर घातलं, रात्रभर उतारशाळेत त्याच्याजवळ राहिला आणि सकाळी मालकाला दोन दीनार देऊन गेला. वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. पाळकसाहेब तेलाचं सांगतात, रात्रीचं सांगतात. दीनाराचं कुणी सांगत नाही. आणि तुम्ही लोक दीनाराचंच सांगता, रात्रीचं नाही.

भाचा : (हसून) म्हणजे तुला हयातीचा दाखला न्यायचाय तर.

मावशी : नेईन. पण तू येशील बरोबर. आणि गेल्यागेल्या फॉर्म काढायचा नाही. आधी शेंगा.

भाचा : किती वेळ?

मावशी : ती सांगेल.

यावर भाचा काय म्हणाला असता हे मी लिहू शकतो, पण लिहीत नाही. त्यांचं एकमत झालेलं नाही. भाच्याला अजूनही वाटतं की मंडळीचं दानार्पण नाताळच्या रोषणाईपेक्षा मुकादमावर खटले लढायला गेलं तर देव जास्त प्रसन्न होईल. मावशीला वाटतं, खटला जिंकूनही म्हातारी एकटीच मेली तर त्यात चर्चची लाज आहे. माझं माप थोडं मावशीकडे झुकतं, पण एका अटीवर. जवळ बसणाऱ्यानं ऐकलेलं ऐकून सोडू नये. बाईनं सांगितलं, आपण रडलो, घरी आलो आणि झोपलो, यात आपलं मन हलकं होतं. तिचं होत नाही. आणि आठवड्यातून एकदा बाहेरून जाणं ही सुरुवातच असते. जामखेडला जे जमलं ते गावातच राहणाऱ्या बायांमुळे. मंडळीनं खरं तर अशीच माणसं शोधायला हवीत. ती ख्रिस्तीच असावीत असंही नाही.

बीड, अंबाजोगाई, केज, आष्टी इथल्या मंडळ्यांना म्हणून एक सांगणं आहे. दसऱ्याच्या आसपास तुमच्या जवळच्या कुठल्या वस्त्यांमधून कोयते निघाले, ते विचारून घ्या. त्या घरांत मागे कोण राहिलं ते बघा. प्रत्येक वस्तीवर तिथलीच एक बाई गाठा, आणि दर आठवड्याला दोघं-तिघं तिच्याबरोबर त्या घरांत जा. चहा दिला तर प्या. सांगितलेलं घरी येऊन वहीत उतरवा. पगार बंद असेल तर तलाठी आणि तहसीलच्या फेऱ्या तुम्ही मारा, म्हातारीला मारायला लावू नका. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नाताळ त्याच्या मधेच येतो, तेव्हा त्या दिवशीचं जेवण चर्चच्या आवारात ठेवण्याऐवजी वस्तीवर ठेवायला हरकत नाही.